आपलं आपण

चौथी आणि पाचवी एकाच खोलीत बसायची आणि दोन्ही वर्गांना शिकवायला एकट्या अनुपमा मॅडम. पाचवीतल्या आचलला शिकवण्याआधीच सगळं येत असे. म्हणून मॅडमनी तिला खिडकीजवळची जागा दिली होती. तिथे बसून तिने सातवीची पुस्तकं वाचावीत, गणितं सोडवावीत, हवं ते आपलं आपण शिकावं. त्या जागेचा सगळ्यांना हेवा वाटे. मॅडमचा दिवस मग बाकीच्यांमध्ये जाई आणि दुपारपर्यंत त्यांचा घसा बसून जाई.

एके दिवशी आचलचा अगदी साधा भागाकार चुकला. मॅडम गुडघ्यावर हात टेकत तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी तिला तो पहिल्यापासून समजावून सांगितला. तिचा पुढचा भागाकारही चुकला.

"मॅडम, आचल बी आमच्यातली झाली!" विपुल ओरडला. "ये वं आचल, जागा करून देतो तुले!"

वर्ग हसला. आचलही हसली. मॅडमना मात्र हसायचंही त्राण नव्हतं.

"आचल, खरंच येत नाही का तुला हे?"

"येते."

"मग काहून चुकवून राहिलीस? तिकडे अर्धा वर्ग खोळंबलाय माझ्यासाठी."

आचल मान खाली घालून हळूच म्हणाली, "ज्याले येत नाही, त्याच्याच जवळ बसता न तुमी."