ग्रोव्हर मलिन्सच्या घराच्या फटी

आयडा रॅटलिफने धुराची कांडी खिडकीच्या चौकटीजवळ धरली. धूर सरळ वर गेला. सकाळी याच जागी तो झोतासारखा आत फेकला जात होता.

“ही बुजली,” ती म्हणाली. “पुढची बघा.”

घराच्या दर्शनी दाराच्या चौकटीत लाल कापड ताणले होते आणि त्यात बसवलेला मोठा पंखा घरातली हवा बाहेर ओढत होता. त्यामुळे प्रत्येक फटीतून बाहेरची गार हवा शीळ घालत आत येई. हिवाळ्यात घरातली ऊब टिकावी म्हणून आयडाचे शिकाऊ कामगार गुडघ्यांवर रांगत त्या फटी शोधून बुजवत होते. खाणी बंद पडल्यावर वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरांत ज्यांनी हे काम धरले, ते बहुतेक तिच्याच हाताखालून गेलेले होते.

घराचा मालक ग्रोव्हर मलिन्स स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसला होता.

“सिंकच्या खाली बघा की,” तो म्हणाला. “तिथनं माझी मांजर ये-जा करते.”

“मग तिला आता दार वाजवायला शिकवा, काका,” सिंकखालून डेल्मरचा आवाज आला. डेल्मर पूर्वी खाणकामगार होता. पन्नाशीचा, जाडजूड, संथ हाताचा.

म्हातारा खूश होऊन हसला. आयडा हसली नाही. या घराची पाळी येण्याची तिने फार वर्षे वाट पाहिली होती.

मलिन्स एके काळी अशाच एका तुकडीचा मुकादम होता. त्याच्या माणसांनी आयडाच्या आईचे घर असेच बुजवले होते, आणि चांगले बुजवले होते. फक्त शेवटची परीक्षा राहिली. घर इतके घट्ट झाल्यावर गॅसवर पाणी तापवणाऱ्या टाकीचा धूर धुराड्यातून वर जातो की उलटा घरात येतो, हे पाहायचे असते. पण दुसऱ्या दिवशी हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता आणि माणसांना डोंगरातल्या झोपड्या गाठायच्या होत्या. मलिन्सने सामान उचलायला सांगितले. त्याच आठवड्यात आई खुर्चीत, गुडघ्यांवर गोधडी घेऊन, झोपेतच गेली. उलट्या आलेल्या धुरातल्या विषारी वायूने तिचे गाल गुलाबी झाले होते. अंत्यदर्शनाला आलेले लोक म्हणाले, बाई किती टवटवीत दिसते. चौकशीत धुराड्यात पक्ष्याचे घरटे निघाले आणि सारा दोष पक्ष्यावर गेला.

सकाळी आयडा एकटीच मलिन्सच्या तळघरात उतरली होती. टाकीच्या माथ्यावर काजळी होती. नळांभोवतीच्या प्लास्टिकच्या चकत्या वितळून वाकल्या होत्या. म्हणजे इथे धूर आधीपासूनच उलटत होता. इतकी वर्षे या घराच्या फटींनीच म्हाताऱ्याला जगवले होते.

ती वर आली आणि म्हणाली, “तळघर मी पाहिलंय. तिथं काही नाही.” विषारी वायू साचल्यास वाजणारी घंटा प्रत्येक घरात बसवायची असते. ती तिने गाडीतच राहू दिली.

तिला काहीच करायचे नव्हते. मलिन्सने जे केले नव्हते, ते तिलाही करायचे नव्हते.

दुपार कलताना शेवटची फट बुजली. मोठा पंखा थांबला आणि घर एकदम मुके झाले. मलिन्सने सगळ्यांसाठी कॉफी ओतली.

“आता ते धुराड्याचं बघणार असाल,” तो म्हणाला, “तर उगाच वेळ घालवू नका. मी याच कामात केस पांढरे केलेत, बाई. धूर वरच जातो. त्याला शिकवावं लागत नाही.”

आयडाने कप खाली ठेवला. “कधी कुणाच्या घरात काही झालं नाही?”

म्हाताऱ्याने खरोखरच आठवून पाहिले. “एकदा झालं. एका बाईच्या धुराड्यात पक्ष्यानं घरटं केलं होतं. आता पाखरापुढं माणूस काय करणार?”

तिच्या मनात सकाळपासून जे थोडे हलत होते, ते तिथे स्थिर झाले.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. मग शिकाऊंकडे वळली. “राहू द्या ती परीक्षा. सामान उचला.”

सगळे तिच्याकडे पाहतच राहिले. मग एकेकजण पेट्या उचलू लागला. डेल्मरने उचलली नाही. त्याने स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावला. न्हाणीघरातला लावला. कपडे वाळवायचे यंत्र सुरू केले; ही सगळी घरातली हवा बाहेर फेकणारी. खोल्यांची दारे ओढून घेतली आणि सिंकचा गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला, म्हणजे खाली टाकीची आग पेटावी.

“डेल्मर, मी काय सांगितलं?”

धुराची कांडी घेऊन तो तळघराचा जिना उतरला. ती त्याच्यामागे धावली.

टाकीखाली निळी आग भडकली होती. डेल्मरने टाकीवरच्या धुराड्याच्या तोंडाशी कांडी धरली. धूर क्षणभर घुटमळला, मागे वळला आणि त्याच्या दाढीत शिरला. त्याने थोडा वेळ थांबून पुन्हा धरली. धूर पुन्हा वळला. मग त्याने वाकून गॅसची चावी बंद केली.

“काय निघालं रे?” मलिन्सने जिन्याच्या वरून विचारले. “सांगा की, काय निघालं?”

आयडाने कठड्याला धरले होते. तिचा आवाज चिरकला. “मी नको म्हटल्यावर तू खाली आलासच कसा?”

डेल्मरने डोळे पुसले. तो जरा ओशाळला होता.

“मी शिकायला आलो त्या पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होता, बाई: ‘एक दिवस कुठल्यातरी घरात मीच सांगेन, ही परीक्षा राहू द्या. त्या दिवशी माझं ऐकू नका.’”