लिथारीच्या अलीकडे

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण लिथारीवर कोंबडीनं अंडं घातलं की ते शेजारच्या बेटावर जाऊन फुटतं," स्त्रातिस म्हणाला. "वाराच तसला. शेळ्यांच्या गळ्यात धोंडे बांधून ठेवतात. एखादी बांधायची राहिली, तर ती तुर्कांच्या हद्दीत सापडते."

ईरो हसली नाही. डेकवर दोघांच्या सॅक एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या, त्यांना पाठ लावून ती तीळ लावलेलं पावाचं कडं मोडून खात बसली होती. नाक्सोस बेट सोडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग 'मधे लिथारीला उतरू या का?' असं ती सहज बोलून गेली, आणि या पोराच्या तोंडाला जे उधाण आलं ते काही ओसरेना.

"आजवर कुठल्या बेटावर वाऱ्याला घाबरला नाहीस तू."

"वाऱ्याचं सोड. पाणी कुठाय तिथे? बाप्तिस्म्याला पाद्री पोरावर नुसती फुंकर मारतो. घागर असते, ती फोटोपुरती."

"तू गेलायस कधी?"

त्यानं हनुवटी वर उचलली आणि जिभेनं 'टक्' केलं. नाही. "सैन्यात एक दोस्त होता तिकडचा. तो सांगायचा."

दोस्त असेलही. पण मग भर ऑगस्टात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत कशाला? डोळ्यांवर काळा चष्मा, त्यावर ओढलेली टोपी. टोमॅटोच्या पेट्या घेऊन एक माणूस शेजारून गेला, तेव्हा स्त्रातिसला अचानक समुद्रात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. कॉफी आणायलाही तो उठला नाही, ईरोलाच जावं लागलं. एरवी रांगेत घुसून आधी कॉफी मिळवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सप्टेंबरात ईरो आईचं घर सोडून त्याच्याबरोबर अथेन्सला राहायला जाणार होती. आईनं भांडण केलं नव्हतं, एवढंच विचारलं होतं, "त्याचं मागंपुढं कोण आहे?" कुणी नाही, असं ईरोनं सांगितलं, कारण त्यानं तिला तसंच सांगितलं होतं. आईबाप लहानपणीच गेले. पिरेयसच्या मावशीनं वाढवलं, मग तीही गेली. त्या मावशीसाठी ईरो चक्क रडली होती.

आता तिला त्या मावशीचाच संशय यायला लागला.

समोरच्या बाकावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी रिबीन बांधलेला मिठाईचा खोका. मघापासून ती डोळे मिटून होती, पण कान उघडेच असावेत.

"पोरा," ती म्हणाली, "कुणाचा तू?"

"पिरेयसचा, आजी."

"गाव नाही विचारलं मी. कुणाचा, ते विचारलं."

"कुणाचाच नाही."

"असं कसं? कोबीच्या गड्ड्यात सापडलास?"

"जवळपास तसंच. जहाजावर जन्मलो, भर वादळात. नाळ कापायला सुरी मिळेना, तेव्हा कप्तानानं—"

"असू दे, असू दे. कप्तानाला कामं असतात." म्हातारीनं कुंडीतली पानं चोळून बोटं हुंगली. "लिथारीच्या शेळ्यांचं काय म्हणत होतास?"

स्त्रातिस जरा चपापला. "तुम्ही तिकडच्या?"

"जन्म गेला तिथे. धोंड्यांचं तू खरं सांगितलंस हो. फक्त आम्ही बांधत नाही. शेळ्या आपला आपण निवडून घेतात."

ईरोला हसू आलं, आणि हसता हसता तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. टोपी आणखी बोटभर खाली आली होती.

"मग उतरायचंच आपण," ती म्हणाली. "आजींची सोबत आहे. बायको नाही ना ठेवलीयस तिथे?"

"वेडी आहेस का? अगं, राहणार कुठे? तिथे खोल्या देणारी एकच बाई आहे, ती रात्री दारांना बाहेरून कड्या घालते. का, माहीत आहे? वाऱ्यानं घर उडालंच, तर पाहुणे निदान एका जागी सापडावेत. एकदा एक जर्मन जोडपं..."

बोलता बोलता त्यानं कॉफीचा पेला उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. उजव्या हाताची तीन बोटं जुळली. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा. जिभेला त्याची खबरही नव्हती. ती अजून जर्मनांना हवेतच फिरवत होती.

देवाधर्माशी या माणसाचं कधी वाकडं नव्हतं, सरळही नव्हतं. त्यानं क्रूस कशाला केला, म्हणून ईरोनं वळून पाहिलं. समोर नुसता काळा, उघडा कडा. दुसरं काही नाही.

मग बोटीनं कड्याला वळसा घातला. त्याच्या आड दडलेलं देवमातेचं लहानसं पांढरं देऊळ बाहेर आलं, बोटीचा भोंगा वाजला, आणि देऊळ बघून डेकवरचे सगळे हात कपाळाकडे गेले.

"...आणि सकाळी त्यांनाच विचारते, झोप लागली का म्हणून!" स्त्रातिसनं गोष्ट संपवली आणि हशाची वाट पाहत थांबला.

म्हातारीनं आपला क्रूस सावकाश पुरा केला. कुंडी उचलून ती उठली आणि त्याच्याकडे न बघता ईरोला म्हणाली,

"पोरी, देऊळ दिसायच्या आधी हात उठतो तो आमच्याच गावच्या पोरांचा. आता विचार त्याला, धक्क्यावर कोण उभं असतं त्याच्यासाठी."