मागची गुणगुण

घरी रेकॉर्ड केलेलं आपलं गाणं सुधारून घ्यायला बेदरकर सर विद्याधरच्या स्टुडिओत आले होते. "मागे बायकोची गुणगुण आलीय, तेवढी काढून टाक. तिला सुराचं ज्ञान नाही," ते म्हणाले.

विद्याधरने ती गुणगुण मोठी करून ऐकली. भाकऱ्या थापता थापता तिचा सूर अचूक लागला होता. सरांचाच उतरला होता.

"सर, तुमचा आवाज बाईंच्या सुरावर आणून बसवू का?" त्याने चाचरत विचारलं.

सरांची कानशिलं तापली. लग्नानंतर तिची बाजाची पेटी त्यांनीच माळ्यावर टाकली होती.

घरी येऊन त्यांनी तिच्या कानांना हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. ती ऐकता ऐकता गोरीमोरी झाली.

"माझा आवाज गेला का मध्ये? चुकलंच माझं. पुढच्या वेळी मी शेजारी जाऊन बसेन."

सरांना तिच्याकडे बघवेना.