निळी पाटी

दवाखान्यासमोरची अपंगांसाठी राखीव जागा शूटिंगवाल्यांच्या जनरेटरच्या गाडीने अडवली होती. मी गाडीची काच खाली करून पालिकेचं अपंग-पार्किंगचं परमिट दाखवलं. त्यांचा मॅनेजर कागद नाचवत म्हणाला, “पालिकेची परवानगी आहे, मॅडम. पुढे अपंगांची पाटी आहे ना, तिथे लावा.” निमूटपणे तिथे लावली. व्हीलचेअरवर बसून खड्ड्यांतून चाकं रेटत दवाखाना गाठला. परत आले, तर टोइंगवाले गाडी उचलत होते. “अहो, निळी पाटी दिसत नाही?” मी कडाडले. हवालदार हसला. “ती सिनेमातली पाटी आहे, ताई. पुठ्ठ्याची. इथे पार्किंगला बंदी आहे.” माझ्या बधिर तळपायांची आग मस्तकात गेली. पाटी उपटून मांडीवर घेतली, सरळ कॅमेऱ्यासमोर गेले आणि व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावले. दिग्दर्शक किंचाळला, “बाई, बाजूला व्हा! शॉट चालू आहे!” मी परमिट उंचावलं. “माझ्याकडेही पालिकेची परवानगी आहे.”