खोडरबर बाईंकडे

"खोडरबर इकडे दे," गणिताच्या बाई म्हणाल्या.

फेरपरीक्षेला वर्गात ती मुलगी एकटीच होती. तिने मुठीतला झिजलेला तुकडा आणखी घट्ट धरला. "बाई, चुकलं तर?"

"चुकू दे. तुझा मागचा पेपर मी खिडकीशी उजेडात धरून पाहिला. खोडलेली सहा उत्तरं बरोबर होती! बरोबर लिहायचं, घाबरून खोडायचं आणि भलतंच लिहून नापास व्हायचं, हा काय उद्योग लावलायस?"

तुकडा बाईंच्या ड्रॉवरमध्ये गेला.

बाहेर व्हरांड्यात आई उभी होती. शिवण अर्धं टाकून आलेली, बाहीला दोरे चिकटलेले. तिने सकाळीच बजावलं होतं, "आता गटांगळी खाल्लीस तर पुरे झालं शिक्षण. मशीनवर बसायचं." मुलीने मान हलवली होती. आपल्या डोक्यात बटाटे भरलेत, हे तिला केव्हाच पटलं होतं.

पहिल्या गणिताला तिचा हात चार वेळा कंपासपेटीत चाचपडून आला. तिसऱ्याला एकदा. नंतर गेलाच नाही.

पेपर पन्नासचा, पास व्हायला पंचवीस हवे होते. बाई तिच्यासमोरच तपासायला बसल्या. शेवटचं गणित उरलं तेव्हा तेवीस झाले होते. बाईंच्या कागदावर पेन्सिलने उत्तर होतं एकशे चार. मुलीचं होतं दोनशे सोळा.

"अगं, नेमकी इथेच घसरलीस," बाई हळहळल्या.

मुलीचा हात सवयीने पेटीकडे गेला. पेटी रिकामी. तिने आपलं गणित पुन्हा वाचलं.

"नाही, बाई." तिने गणितावर बोट ठेवलं. "बाग तीस बाय वीस. बाहेरून दोन मीटरचा रस्ता, पण चारही बाजूंनी. म्हणजे लांबीत दोन नाही, चार वाढतात. रुंदीतही चार. तुम्ही एकाच बाजूचा धरलाय."

व्हरांड्यात आईने कपाळाला हात लावला. "अगं, बाईंना शिकवतेस?"

बाईंनी परत मांडलं. चौतीस गुणिले चोवीस, वजा सहाशे. मग त्या खळखळून हसल्या आणि पेपरवर पाचपैकी पाच इतक्या जोरात लिहिले, की खालच्या पानावरही उमटले.

"अठ्ठावीस! पास!" त्या आईकडे बघून म्हणाल्या आणि स्वतःचं एकशे चार खोडायला टेबलावर काहीतरी शोधू लागल्या.

"ड्रॉवरमध्ये बघा, बाई," मुलगी म्हणाली. "आणि राहू दे तुमच्याकडेच. तुम्हाला लागेल."