दोन हजार सेहेचाळीस माणसं

"आम्हाला मूल नको," असं लेकीने सांगितल्यापासून मास्तरांचं डोकं भणभणत होतं. बोलून घसा बसला, तेव्हा त्यांनी शिकवणीच्या फळ्यावर सरळ गणितच मांडलं. "तुझे आईबाप दोन, त्यांचे आईबाप चार, त्यांचे आठ. दहा पिढ्यांत झाली दोन हजार सेहेचाळीस माणसं! त्यांतल्या एकानेही तुझ्यासारखा हेका धरला असता, तर तू असतीस का?" लेक ढिम्म हलेना. मास्तरांनी खडू असा आपटला की दोन तुकडे झाले. "अगं, आत्या ना तू? सांग की हिला!" ते धाकट्या बहिणीवर खेकसले. त्यांची बायको गेल्यावर तान्ह्या लेकीला तिनेच वाढवलं होतं, त्यापायी लग्नही केलं नव्हतं. तिने तुकडा उचलून हातात दिला. "दादा, यात मी कुठे, तेवढं दाखव." गणित बरोबर होतं, पण खडू कुठे टेकवावा ते मास्तरांना कळेना.