मोठ्या गुरुजींची नाडी

देहदान केलेल्या माणसाला त्या वैद्यकीय महाविद्यालयात कुणी प्रेत म्हणत नाही, मोठे गुरुजी म्हणतात. सुरी हातात घेण्याआधी त्यांच्या पायाशी फुलांची माळ ठेवून हात जोडायचे, ही रीतच आहे.

रिनलादाने हात जोडले, पण ते थरथरत होते. शरीरविच्छेदनाच्या या परीक्षेत ती आधी नापास झालेली होती. आज सुरी हलली, तर डॉक्टरकी विसरून लाम्पांगला घरी परतायचं होतं.

"अगं, गुरुजी निवांत पडलेत आणि मेल्यासारखी तूच दिसतेस," मैत्रीण केवने टोमणा मारला. "सकाळची पेज तरी घेतलीस का?"

"गप गं. छाती फुटतेय माझी."

परीक्षक यायचे होते. क्षमा मागावी तसा रिनलादाने गुरुजींचा गार हात हातात घेतला. सवयीने तिची बोटं मनगटावर गेली.

तिथे नाडी लागली.

ती धावत होती, अडखळत होती. रिनलादाने ती लगेच ओळखली. परीक्षेच्या प्रत्येक सकाळी तिने ती स्वतःच्याच मनगटात चाचपली होती.

तिच्या छातीत दुपारच्या देवळासारखी शांतता पसरली.

"थरथर गेली की गं तुझी!" केवने हसत तिचं मनगट धरलं. मग बोटं सरकवून पुन्हा दाबलं. तिचं हसू मावळलं.

"रिन, तुझी नाडी कुठे गेली?"

तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी गुरुजींच्या मनगटाकडे बोट दाखवलं. "इथून सुरू कर, बाळ."

रिनलादाने गुरुजींना पुन्हा हात जोडले आणि सुरी उचलली. पातं जराही हललं नाही.